कॉफीचा मळा आणि मिशन : शीरे पठारावरील एका प्रयोगाचा विचार

१

मराठीतील सातही वारांची नावे ग्रहांवरून आली आहेत. त्यांवरून मराठी माणसाच्या कामधंद्याविषयी काहीही कळत नाही. मध्य आफ्रिकेतील मलावी देशाची प्रमुख भाषा चिन्यांजा (१९६८ पासून तिचे अधिकृत नाव चिचेवा असे झाले) हिच्यातील वारांची गोष्ट निराळी आहे. तेथे सोमवारास ‘लोलेम्बा’ म्हणतात. ‘लेम्बा’ ह्या धातूचा अर्थ लिहिणे, आणि त्यावरूनच कामावर नाव लिहून घेणे, म्हणजे नोकरीस ठेवणे. पुढील चार वार दुसरा, तिसरा, चौथा व पाचवा अशा क्रमवाचकांवरून ओळखले जातात. शनिवार हा ‘लोवेरुका’, म्हणजे काम आटोपून सुटण्याचा वार. रविवार हा ‘लामुलुंगू’, म्हणजे मुलुंगूचा, ईश्वराचा वार.

ह्या नावांत लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. मंगळवार हा येथे ‘दुसरा’ वार आहे. शेजारच्या पोर्तुगीज मुलखातील पोर्तुगीज भाषेत सोमवार हाच ‘दुसरा’ ठरतो, कारण तेथे गणना प्रभूच्या वारापासून, रविवारापासून, सुरू होते. चिन्यांजात ती कामाच्या वारापासून सुरू होते. हजेरीपटावर नाव चढते तो पहिला दिवस, सुट्टी होते तो सहावा, आणि देवाचा दिवस अखेरचा. हजेरीपट आणि प्रार्थनामंदिर ही दोन्ही ज्या जीवनात एकत्र आली, त्या जीवनाचा ठसा ह्या सात शब्दांवर उमटलेला आहे.

ही दोन्ही एकाच मालकीच्या आवारात आली, तर तेथील नित्याचे जीवन कसे असते? मजुरी देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असला, तर दोन्ही कृत्यांचे काय होते? ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे जोसेफ बूथ ह्याने १८९२ मध्ये ब्लँटायरजवळ मित्सिदी येथे स्थापन केलेले ‘झांबेझी इंडस्ट्रियल मिशन’ होय.

२

न्यासा सरोवरातून निघणारी शीरे नदी दक्षिणेकडे वाहत जाऊन झांबेझीस मिळते. ह्या नदीच्या पूर्वेस सुमारे तीन-चार हजार फूट उंचीचे जे पठार आहे, तेच शीरे पठार. तेथील हवा थंड, आणि पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. १८७६ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडने येथे मिशन स्थापन केले आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्याच्या जन्मगावावरून त्यास ब्लँटायर हे नाव दिले. १८९१ मध्ये हा सर्व प्रदेश ब्रिटिश संरक्षणाखाली आला. १९०७ मध्ये त्यास न्यासालँड हे नाव मिळाले आणि १९६४ मध्ये स्वातंत्र्यानंतर तो मलावी झाला.

ह्या पठारावर कॉफी आली ती मिशनच्याच दारातून. १८७८ मध्ये ब्लँटायर मिशनचा माळी जोनाथन डंकन ह्याने एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानातून कॉफीची काही रोपे आणली. प्रवासातून त्यांपैकी एकच जगले. त्या एका झाडाच्या बियांतून पुढील लागवडीचा आरंभ झाला. १८६९ नंतर सिलोनातील कॉफी पानांवरील तांबेऱ्याने नष्ट होत गेली होती, आणि साहजिकच नव्या भूमीकडे मळेवाल्यांचे लक्ष लागले होते. १८९० च्या दशकात शीरे पठारावर जिकडे तिकडे कॉफीचे मळे उभे राहिले. बूथ तेथे पोहोचला तो ह्याच वेळी.

३

जोसेफ बूथ हा १८५१ मध्ये इंग्लंडातील डर्बी येथे जन्मला. न्यूझीलंडमध्ये मेंढपाळी आणि मेलबर्नमध्ये दुधाचा व्यवसाय करून त्याने बऱ्यापैकी पैसा मिळविला होता. वयाच्या चाळिशीत व्यवसाय आवरून तो आफ्रिकेस जाण्यास सिद्ध झाला. निघण्यापूर्वीच, १८९१ मध्ये, त्याची पत्नी मेरी जेन निवर्तली. तरीही मुलगा जॉन एडवर्ड आणि लहानगी एमिली ह्यांना घेऊन त्याने बेत तडीस नेला.

त्याची योजना व्यापाऱ्यास शोभेल अशीच होती. मायदेशातील वर्गणीवर जगणारे मिशन नेहमी दरिद्री राहते, आणि मिशनरी मात्र भोवतालच्या लोकांच्या तुलनेने सुखात राहतो, हे त्यास खटकत होते. त्याऐवजी मिशनने जमीन घ्यावी, कॉफी लावावी, स्थानिक लोकांस काम व कौशल्य द्यावे, आणि उत्पन्नातून शाळा व मंदिर चालवावे. एका मळ्याच्या नफ्यातून दुसरे ठाणे निघावे आणि दुसऱ्यातून तिसरे. शेवटी ही सर्व मालमत्ता आफ्रिकी ख्रिस्ती लोकांच्याच हाती जावी.

ह्या कल्पनेस पूर्वपीठिका होती, आणि ती मराठीच्या अभ्यासकास परिचित असलेल्या व्यक्तीची आहे. १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश श्रीरामपूरहून प्रसिद्ध करणारा विल्यम केरी हा बंगालमध्ये प्रारंभीची काही वर्षे (१७९४–९९) मदनावती येथील निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. आपल्या निर्वाहाचा भार मिशनवर पडू नये, हाच त्याचा हेतू होता. मात्र कारखाना त्याच्या मालकीचा नव्हता. केरीचा धर्मप्रचार आणि त्याची चाकरी ही दोन स्वतंत्र खाती होती. बूथने ही दोन्ही खाती एक केली, आणि प्रश्न तेथूनच उद्भवला.

४

अशा मळ्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होई. घंटेच्या किंवा शिंगाच्या आवाजाने माणसे गोळा होत. प्रार्थना होई, हजेरी होई आणि प्रत्येकास दिवसाचे काम नेमून दिले जाई. काम घड्याळावर मोजले जात नसे. अमुक इतक्या झाडांभोवतीची निंदणी, अमुक इतके खड्डे, अमुक इतक्या टोपल्या फळे असे ते ठरलेले असे. ते पुरे झाले म्हणजे त्या दिवसाची खूण हजेरीच्या चिठ्ठीवर पडे. न झाले तर दिवस गेला, पण खूण नाही. ही खूण करणारा जो मुकादम, त्यास तेथे ‘कपितावो’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. चिन्यांजात पत्रास ‘कालाता’ आणि जोड्यास ‘न्सापातो’ म्हणतात, ते शब्दही त्याच वाटेने आले आहेत. आपल्याकडेही ‘पाद्री’ आणि ‘पगार’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांनीच दिले. मराठीत ते दोघे स्वतंत्रपणे नांदले. मित्सिदीस मात्र पाद्री आणि पगार एकाच ओसरीवर बसत.

मिशनऱ्याचा स्वतःचा दिवसही ह्याहून वेगळा नव्हता. सकाळी प्रार्थना सांगावयाची, मग रोपांचे ताटवे पाहावयाचे, दुपारी विटा पाडणारांकडे व सुतारांकडे फेरी मारावयाची, शाळेत जावयाचे, जखमा धुवावयाच्या, तापकऱ्यांस क्विनीन द्यावयाचे आणि रात्री दिव्यापाशी हिशेब लिहावयाचा. घरे कुडाची व गवताने शाकारलेली असत. ताप हा नित्याचा सोबती होता. तो डासांमुळे पसरतो, ह्याचा पुरावा रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस मिळविला तो १८९७ मध्ये. १८९२ मधील मिशनरी दमट हवेसच दोष देत. बूथचा मुलगा जॉन एडवर्ड १८९४ मध्ये ह्याच भूमीत मरण पावला. एमिलीने उत्तरायुष्यात लिहिलेल्या आठवणी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या काळच्या घरगुती जीवनाचे ते एक महत्त्वाचे साधन आहे.

त्या घरात १८९२ मध्येच एक तरुण कामास आला. त्याचे नाव जॉन चिलेम्ब्वे. ब्लँटायरच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत तो थोडे शिकला होता. बूथच्या घरी तो स्वयंपाक करी, आजारी एमिलीची शुश्रूषा करी आणि मालकासाठी दुभाष्याचे काम करी. १८९३ मध्ये बूथने त्यास बाप्तिस्मा दिला. ह्या घरातील संबंधांचे स्वरूप त्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. चाकर, शिष्य, दुभाष्या आणि धर्मबंधू ही चारही नाती एकाच माणसाशी होती, आणि त्यांपैकी कोणते कोठे संपते हे सांगणे अवघड होते.

५

दिवसापेक्षा वर्षाचा क्रम अधिक बोलका आहे. कॉफीचे बी सावलीतील ताटव्यांत रुजवितात, आणि रोपे पावसाळ्यात खड्ड्यांत लावतात. झाड फळास येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. तोवर केवळ खर्च : निंदणी, छाटणी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे. फळे लाल झाली की कोरड्या ऋतूत तोडणी सुरू होते. फळांचा गर यंत्राने काढतात, चिकटा सुटावा म्हणून बिया हौदात आंबवितात, धुतात, आणि कवचासह उन्हात वाळवितात. ह्या सर्वांस वाहते पाणी लागते, म्हणून मळा ओढ्याच्या काठी पाहूनच घ्यावा लागे.

तयार माल समुद्राकडे जावयाचा तो माणसांच्या डोक्यावरून. १९०८ मध्ये ब्लँटायरपर्यंत रेल्वे आली. त्यापूर्वी पठारावरून शीरेकाठच्या काटुंगापर्यंत ओझी हमालच उतरवीत आणि वर येणारे सामानही तेच चढवीत. पुढे नावांतून व लहान आगबोटींतून माल झांबेझीच्या मुखाशी चिंदे बंदरास पोहोचे. ह्या हमालीस ‘तेंगातेंगा’ म्हणत. ‘तेंगा’ म्हणजे नेणे. धातूची ही द्विरुक्ती मराठी कानास अर्थ सांगितल्यावाचून कळते : नेणे, नेणे, आणि पुन्हा नेणे.

परंतु ह्या वर्षक्रमात एक मूलभूत विरोध दडलेला होता. कॉफीच्या लावणीस व निंदणीस सर्वांत जास्त माणसे लागत ती पावसाळ्यात. शेतकऱ्याच्या स्वतःच्या ‘मुंडा’त, म्हणजे मक्याच्या शेतात, खुरपणीची घाई असे तीही नेमकी त्याच दिवसांत. मळ्यावर महिना भरला तर घरचे पीक तणात जाई, आणि घरचे पीक राखले तर चिठ्ठीवर खूण पडत नसे. कोकणातील कोणताही कुणबी हा पेच ऐकताच समजेल, कारण लावणीचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. मिशनची प्रार्थना कितीही मनापासून झाली, तरी हा विरोध तिने मिटण्यासारखा नव्हता. तो ऋतूचा होता, वृत्तीचा नव्हे.

त्यात कराची भर पडली. संरक्षित राज्याने १८९० च्या दशकारंभी झोपडीपट्टी बसविली. तिचा दर लवकरच वर्षास तीन शिलिंग ठरला. मळ्यावरील सामान्य मजुरी महिन्यास साधारण तितकीच होती. म्हणजे वर्षातील एक महिना माणूस करासाठी राबे. विसाव्या शतकाच्या आरंभी कर सहा शिलिंग करण्यात आला, आणि युरोपियनाकडे महिनाभर काम केल्याचे दाखविणारास निम्मी सूट देण्यात आली. कराचा उद्देश केवळ महसूल नव्हता, हे त्या सवलतीवरूनच उघड होते.

६

बूथने ह्या व्यवस्थेत एक गोष्ट वेगळी केली. त्याने इतरांहून जास्त मजुरी दिली. त्यामुळे मळेवाले संतापले. तेवढेच नव्हे, तर स्कॉटिश मिशनचा प्रमुख डेव्हिड क्लेमेंट स्कॉट ह्यानेही तक्रार केली, की आमचे शिकलेले लोक आणि विद्यार्थी पैशाच्या मोहाने मित्सिदीकडे ओढले जात आहेत. स्कॉट हा सामान्य पाद्री नव्हता. १८९२ मध्येच त्याने मांगांजा भाषेचा (हे न्यांजाचेच एक रूप होय) विस्तृत कोश प्रसिद्ध केला होता, आणि आफ्रिकी विचारवैभवाविषयी त्याच्या मनात खरा आदर होता. तथापि त्याच्या आक्षेपात तथ्य होते. जास्त मजुरी मिळते म्हणून माणूस एका मिशनातून दुसऱ्यात गेला, तर त्याची श्रद्धा कोणत्या तराजूत मोजावयाची? उलट बूथचा प्रतिप्रश्नही तितकाच खरा होता : अपुरी मजुरी देऊन मिळविलेली श्रद्धा अधिक शुद्ध कशी?

ह्या वादाचे मर्म एका शब्दात पकडता येते. तो शब्द म्हणजे ‘थांगाता’. न्यांजातील ‘थ’ आपल्या ‘थ’सारखाच महाप्राण आहे. थांगाता म्हणजे साहाय्य करणे. शेजाऱ्याच्या शेतात सर्वांनी मिळून कुदळ चालवावी आणि शेजाऱ्याने त्यांस मद्य पाजून तृप्त करावे, असा तो व्यवहार होता. आपल्याकडे त्यास ‘इर्जिक’ म्हणतात. मळेवाल्यांनी प्रचंड जमिनी मिळविल्या, तेव्हा त्या जमिनींवर राहणारी गावेच्या गावे त्यांची कुळे ठरली. मळ्यावर राहण्याबद्दल भाडे म्हणून त्यांनी पावसाळ्यात मालकाचे काम करावे, असा दंडक पडला, आणि त्यासही नाव मिळाले थांगाता. ध्वनी तोच राहिला, व्याकरण तेच राहिले, फक्त इर्जिकेची वेठ झाली. शब्दाच्या अर्थापकर्षाची उदाहरणे आपण विद्यार्थ्यांस नेहमी देतो. येथे अपकर्ष शब्दाचा नव्हे, व्यवहाराचा झाला. शब्दाने केवळ त्याची नोंद ठेवली.

बूथ स्वतः ह्या निष्कर्षाच्या जवळ येऊन पोहोचला होता. मित्सिदीतून आफ्रिकी लोकांच्या हाती सत्ता जावी ही त्याची घाई लंडनमधील समितीस मान्य नव्हती, आणि त्याचे तिच्याशी बिनसले. त्याने आणखी औद्योगिक मिशने काढली, आणि तीही सोडली. १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकास त्याने ‘आफ्रिका फॉर द आफ्रिकन’ असे नाव दिले. १९०० च्या सुमारास चोलो भागात अमेरिकन सेव्हन्थ डे बॅप्टिस्टांच्या साहाय्याने त्याने जो कॉफीमळा घेतला, तो १९०२ मध्ये ॲडव्हेंटिस्ट पंथाकडे गेला आणि पुढे ‘मालामुलो’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. मालामुलो म्हणजे आज्ञा, ईश्वराच्या दहा आज्ञा. परंतु त्या भाषेत कायद्यासही हाच शब्द आहे.

दरम्यान कॉफीनेच दगा दिला. अवर्षण, खोडकिडा, रोग, सदोष लागवड आणि ब्राझीलच्या अमाप उत्पादनाने कोसळलेले भाव, ह्यांमुळे १९०० नंतर थोड्याच वर्षांत शीरे पठारावरील कॉफीचा बहर ओसरला. त्या जागी कापूस, तंबाखू आणि चहा आले. ज्या पिकाच्या नफ्यावर ठाण्यांमागून ठाणी निघावयाची होती, ते पीकच राहिले नाही. मित्सिदीचे मिशन टिकले, पण इतर मिशनांसारखेच एक मिशन म्हणून.

७

स्वयंपाक्या म्हणून आलेला चिलेम्ब्वे १८९७ मध्ये बूथबरोबर अमेरिकेस गेला. व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे निग्रो बॅप्टिस्टांच्या विद्यालयात शिकून तो १९०० मध्ये परतला आणि चिराद्झुलू जिल्ह्यात म्बोम्ब्वे येथे त्याने ‘प्रॉव्हिडन्स इंडस्ट्रियल मिशन’ स्थापन केले. नावातील ‘इंडस्ट्रियल’ हा शब्द बूथचा वारसा सांगतो. जमीन घेणे, पिके लावणे, शाळा काढणे, विटांचे मंदिर बांधणे हा क्रमही तोच. त्याची पत्नी आयडा स्त्रियांस शिवणकाम शिकवी. भेद एवढाच, की येथे मालक आणि मजूर एकाच भाषेत प्रार्थना करीत होते.

त्याच्या शेजारी मागोमेरो येथे ए. एल. ब्रूस कंपनीची सुमारे १,६२,००० एकरांची जमीन होती. लिव्हिंग्स्टनच्या जावयाकडून ती चालत आली होती. तेथील थांगाता विशेष कठोर होता. ठरलेल्या मुदतीहून अधिक काम घेणे, चिठ्ठीवर खूण न करणे, मारहाण करणे अशा तक्रारी नित्याच्या होत्या. मळ्याचा व्यवस्थापक विल्यम जर्व्हिस लिव्हिंग्स्टन ह्याने चिलेम्ब्वेच्या अनुयायांनी मळ्याच्या हद्दीत बांधलेली प्रार्थनागृहे जाळविली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि आफ्रिकी शिपाई परक्यांच्या युद्धात मरू लागले, तेव्हा चिलेम्ब्वेने वृत्तपत्रास लिहिलेले निषेधाचे पत्र सरकारने दडपले.

२३ जानेवारी १९१५ च्या रात्री त्याच्या माणसांनी मागोमेरोवर हल्ला केला. लिव्हिंग्स्टनसह तीन युरोपियन मारले गेले. स्त्रिया व मुले ह्यांस इजा करण्यात आली नाही. उठाव थोड्याच दिवसांत मोडला. ३ फेब्रुवारी रोजी चिलेम्ब्वे गोळीस बळी पडला, आणि त्याचे विटांचे मंदिर सरकारने सुरुंग लावून पाडले. चौकशी समितीपुढे ज्या तक्रारी आल्या, त्यांत थांगाता प्रमुख होता. १९२६ मध्ये डॉ. डॅनियल मालेकेबू ह्यांच्या नेतृत्वाखाली ते मिशन पुन्हा उघडले. आज मलावीच्या चलनी नोटांवर चिलेम्ब्वेचे चित्र आहे.

ह्या उठावास बूथ जबाबदार होता काय, हा प्रश्न त्या वेळी रागाने विचारला गेला. तो योग्य प्रश्न नव्हे. बूथने बंदूक शिकविली नव्हती, आणि १९१५ पूर्वीच त्यास त्या प्रदेशात येण्यास मज्जाव झाला होता. परंतु मित्सिदीच्या ओसरीवर एका तरुणाने एक गोष्ट रोज पाहिली होती : ज्या वहीत माणसाचे नाव मजूर म्हणून लिहिले जाते, तिच्या शेजारच्याच वहीत ते बंधू म्हणूनही लिहिले जाते. दोन्ही वह्या मिशनमध्ये एकाच अक्षराने भरल्या जात होत्या. मागोमेरोच्या मळ्यावर त्यांपैकी एकच वही होती. दोन वह्या पाहिलेल्या माणसास एका वहीचा न्याय मान्य होणे शक्य नव्हते.

बूथचा प्रयोग फसला असे म्हणण्याचा प्रघात आहे. आर्थिक दृष्टीने ते खरे आहे. मळा आणि मंदिर ह्यांचा संयोग अंतर्विरोधाने भरलेला होता, हेही वर दाखविले आहे. तथापि त्या संयोगाने एक अनपेक्षित कार्य केले : मजुरीचा प्रश्न त्याने धर्माच्या भाषेत विचारण्याजोगा केला. स्वतंत्रपणे चालणाऱ्या मळ्यात हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहिला असता, आणि स्वतंत्रपणे चालणाऱ्या मंदिरात तो कदाचित निघालाच नसता.

जाता जाता एक नोंद करावीशी वाटते. २३ जानेवारी १९१५ हा शनिवार होता. त्या भाषेत तो लोवेरुका, काम संपवून सुटण्याचा वार. हा योगायोगच समजावा; इतिहासकाराने त्यावर काही उभारू नये. मात्र मलावीतील मूल आजही आठवडा मोजताना प्रथम नाव लिहून घेण्याचा वार म्हणते, मग सुटण्याचा, आणि शेवटी देवाचा. कॉफीचे ते मळे बहुतांशी गेले. त्यांची हजेरी भाषेने अजून चालू ठेवली आहे.